यंत्र आणि गृहस्थ : पेटीवरचा आंकडा

गेल्या चैत्रांत आमच्या दिघीच्या घरीं एक लहानसें वादळ उठलें. त्याचें कारण आमच्या आजोबांच्या पिढीस सांगितलें असतें तर तें त्यांस कळलेंहि नसतें. परंतु ज्या घरांत दोन भावांचे संसार एका चुलीवर चालतात आणि मुलें कॉलेजांत जातात, अशा पुष्कळ घरांत तें आज ना उद्यां उठण्याचा संभव आहे. म्हणून या महिन्याच्या सदरांत तेंच सांगण्याचें योजिलें आहे.

आमचा पुतण्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे. तयार संगणक आणण्याऐवजीं एकेक भाग निवडून तो आपल्या हातानें जोडावा, ही त्याची वर्षभराची हौस. दादा, म्हणजे माझे वडील बंधु, भोसरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्यें चौतीस वर्षें काम करून नुकतेच निवृत्त झाले आहेत. मायक्रोमीटर लावून पाहिल्यावांचून कोणताहि आंकडा खरा मानावयाचा नाहीं, हा त्यांचा जन्माचा परिपाठ. त्यांनीं निवृत्तीच्या रकमेंतून पाऊण लाख रुपये मुलाच्या हातीं दिले आणि अट घातली ती एकच : कोणती वस्तु कां घेतली, याचा वहींत हिशेब मांडावा. मुलानें तो मांडला. प्रोसेसरच्या ओळीसमोर त्यानें लिहिलें, "दुसरा स्वस्त होता, पण तो ४.९ गिगाहर्ट्झचा, हा ५.१ चा आहे. म्हणून चार हजार अधिक." दादांनीं खालीं सही केली.

पुण्याच्या तपकीर गल्लींतून भाग आले. रविवारीं सकाळीं घरांतील सर्वांच्या देखत जोडणी झाली, आईनें यंत्रास हळदकुंकू वाहिलें, आणि तें पहिल्याच प्रयत्नास सुरू झालें. बैठकीच्या भिंतींतील ज्या लांकडी कोनाड्यांत पूर्वीं टीव्ही असे, तेथें त्याची स्थापना झाली. आळंदी रस्त्याची धूळ आमच्या घरांत फार. ती यंत्रास लागूं नये म्हणून वहिनींनीं जाड खादीचा अभ्रा शिवून त्यावर चढविला. एवढें झाल्यावर कोणासहि वाटावें कीं, यंत्राची बडदास्त उत्तम राहिली.

चवथ्या दिवशीं मुलानें एक मोठें काम यंत्रास लाविलें आणि वेग पाहिला. टास्क मॅनेजर नांवाच्या खिडकींत आंकडा होता ४.४. तासभर वाट पाहिली; ५.१ कांहीं दिसेना. मुलगा प्रामाणिक, त्यानें तें वडिलांस आपण होऊन सांगितलें. दादांनीं कागदावर भागाकार केला आणि म्हणाले, "रुपयामागें चौदा पैसे कमी. आतां मला एवढेंच सांग, दुकानदारानें तुला फसविलें, कीं तूं मला?"

मुलगा उठून गेला. पुढें आठ दिवस बापलेकांचें बोलणें वहिनींच्या मार्फत चालू होतें. "त्यांना सांग, जेवण वाढलें आहे," "त्याला विचार, फी भरली का." अखेर एका सकाळीं वहिनी माझ्यापुढें चहाचा पेला ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही सगळ्या जगाला यंत्रें समजावून सांगतां; आतां घरांतल्या दोघांना सांगा." प्रकरण या रीतीनें माझ्याकडे आलें.

वाचकांपैकीं ज्यांस या विषयाचा परिचय नाहीं, त्यांच्याकरितां प्रथम थोडें मूळापासून सांगतों. प्रोसेसर म्हणजे संगणकाचें सर्व गणित ज्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यांत होतें तो भाग. हें गणित एका ठेक्यावर चालतें. आपल्या मनगटी घड्याळांत गारेचा एक स्फटिक असतो आणि त्याच्या नियमित कंपनांवर कांटे चालतात. त्याच जातीचा स्फटिक संगणकांतहि असतो. त्याच्या आधारें सेकंदास दहा कोटि ठोक्यांचा एक मूळ ठेका तयार होतो. प्रोसेसर त्या ठेक्यास आंतल्या आंत कोणत्या तरी संख्येनें गुणून आपला वेग ठरवितो. ३८ नें गुणिलें तर ३८० कोटि ठोके, म्हणजे ३.८ गिगाहर्ट्झ; ५१ नें गुणिलें तर ५१० कोटि, म्हणजे ५.१ गिगाहर्ट्झ. या शेवटच्या ठेक्याची कल्पना यावी म्हणून एवढेंच सांगतों कीं, एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंतच्या अवधींत प्रकाशाचा किरणसुद्धां सहा सेंटिमीटरांहून पुढें जाऊं शकत नाहीं.

हा गुणक स्थिर नसतो, हीच सर्व घोटाळ्याची जड आहे. तो यंत्र चालू असतांना क्षणोक्षणीं बदलतो. कांहीं प्रोसेसरांत तर सेकंदाच्या हजाराव्या भागांत एकदां परिस्थिति तपासून २५ मेगाहर्ट्झच्या लहान लहान पायऱ्यांनीं वेग चढविला किंवा उतरविला जातो. काम नसेल तेव्हां यंत्र जवळ जवळ झोंपीं जातें. काम आलें कीं तें उठतें आणि परिस्थिति अनुकूल असेल तितकें वर चढतें. या चढण्यासच बूस्ट म्हणतात.

आतां कोणीहि विचारील कीं, ज्यास ५.१ च्या वेगानें धांवतां येतें त्यानें सदा त्याच वेगानें कां धांवूं नये? उत्तर एका शब्दांत आहे : उष्णता. प्रोसेसर जी वीज खातो ती बहुतेक सर्व उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. ही वीज ठोक्यांच्या संख्येच्या प्रमाणांत वाढतेच. परंतु वेग वाढवावयाचा तर विद्युद्दाबहि वाढवावा लागतो, आणि दाबाचा परिणाम वर्गाच्या प्रमाणांत होतो. उदाहरणार्थ, वेग ३.८ वरून ५.१ वर नेला आणि त्यासाठीं दाब १ व्होल्टावरून १.३ व्होल्टांवर न्यावा लागला, असें धरूं. वेग वाढला एक-तृतीयांशानें. पण उष्णता झाली सव्वादोनपटींहून अधिक. घाटांत मोटार चढवितांना शेवटच्या दहा मैलांच्या वेगासाठीं किती तेल जळतें, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हें गणित नवें वाटणार नाहीं.

हें गणित ओळखण्यास यंत्रकर्त्यांसहि बराच काळ लागला. १९७१ सालीं इंटेल कंपनीनें ४००४ नांवाचा आपला पहिला प्रोसेसर काढला, त्याचा वेग सेकंदास ७ लाख ४० हजार ठोके. १९७८ सालच्या ८०८६ चा ५० लाख. २००० सालच्या मार्चमध्यें शंभर कोटींचा, म्हणजे एक गिगाहर्ट्झचा टप्पा ओलांडला गेला, आणि २००४ च्या अखेरीस पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत येऊन पोहोंचला. अशा चढत्या कमानींत चाराचा आंकडा सहा महिन्यांचा प्रश्न वाटावा. परंतु त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ची योजना रद्द झाल्याचें जाहीर झालें. कारण असें कीं, रॉबर्ट डेनार्ड या शास्त्रज्ञानें आपल्या सहकाऱ्यांसह १९७४ सालीं जो नियम दाखविला होता, त्याची मर्यादा आतां आली. आंतले भाग लहान करावे, त्याच प्रमाणांत विद्युद्दाब उतरवावा, म्हणजे वेग वाढूनहि दर चौरस मिलिमीटरामागें उष्णता तितकीच राहते, असा तो नियम. पण भाग इतके सूक्ष्म झाले कीं बंद असतांहि त्यांतून वीज झिरपूं लागली. दाब आणखी उतरवितां येईना, आणि उष्णता मात्र सांचूं लागली.

तेव्हांपासून उद्योगानें वाट बदलली. एकाच कामकऱ्यास चाबूक मारण्याऐवजीं एका तुकड्यावर दोन, चार, सहा कामकरी बसविले. यांसच कोअर म्हणतात. हा मार्ग आमच्या पुण्यास अगदींच अपरिचित होता असें नाहीं. परदेशांतून महासंगणक मिळण्यांत अडचणी आल्या म्हणून १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं तिनें परम ८००० तयार केला. त्याचें सामर्थ्य एखाद्या एकट्या अतिवेगवान् प्रोसेसरांत नव्हतें, तर अनेक साधे प्रोसेसर एका कामास जुंपण्यांत होतें. जें तेव्हां खोलीभर यंत्रांत केलें गेलें, त्याच तत्त्वावर आज मुलाच्या टेबलावरील नखाएवढा तुकडा चालतो.

परंतु अनेक कोअर आले तेव्हां एक नवीच सोय ध्यानांत आली. सहापैकीं पांच कोअर स्वस्थ बसले असतील तर त्यांच्या वांट्याची वीज आणि थंडावा त्या सहाव्यास कां देऊं नये? २००८ च्या अखेरीस इंटेलनें आपल्या कोअर आय-७ मालिकेंत टर्बो बूस्ट या नांवानें ही युक्ति आणली. २०१० सालीं एएमडी या दुसऱ्या कंपनीनें टर्बो कोअर काढली, आणि २०१७ पासून तिच्या रायझन मालिकेंत ती अधिक बारकाईनें होऊं लागली. गंमतीची गोष्ट अशी कीं, 'टर्बो' हें नांव त्याहूनहि जुनें. चाळीस वर्षांपूर्वींच्या कित्येक संगणकांवर त्या नांवाचें एक बटणच असे. परंतु त्याचा खरा उपयोग यंत्र हळूं करण्याकडे होई, कारण जुने खेळ नव्या यंत्रावर इतके भरधांव चालत कीं खेळणाराचा हात पुरा पडत नसे.

आतां पेटीवरचा आंकडा वाचूं. तेथें दोन वेग असतात. पहिला बेस, म्हणजे पायाचा वेग. आमच्या प्रोसेसरचा तो ३.८. पुरेसा थंडावा व ठरलेली वीज मिळाली तर सर्व कोअर जड कामांत गुंतले असतांहि सामान्यतः हा वेग राहावा, असा त्याचा अर्थ. दुसरा कमाल बूस्ट, तो ५.१. याचा अर्थ, कोणता तरी एक कोअर, हलक्या व तुटक कामाच्या वेळीं, उष्णतामान मर्यादेंत असतां, या वेगापर्यंत पोहोंचूं शकेल. 'पर्यंत' हा शब्द पेटीवर बारीक टाइपांत असतो आणि आंकडा ठळक. यांत कंपन्यांचें व्यापारी चातुर्य आहे, हें मीं नाकारीत नाहीं. परंतु शब्द तेथें असतो. सहाहि कोअर एकाच वेळीं ५.१ वर धांवतील असें वचन त्या पेटीवर कोठेंच नव्हतें. तें आमच्या वहींत होतें.

हें सर्व मीं रात्रीं जेवणानंतर सांगितलें. दादांनीं मान हालविली नाहीं. आई मात्र लक्षपूर्वक ऐकत होती. ती दर वर्षीं माउलींच्या पालखीबरोबर दिघीहून विश्रांतवाडीपर्यंत चालत जाते, आणि तरुणपणीं एकदां पंढरपुरापर्यंतहि गेली आहे. ती म्हणाली, "म्हणजे रिंगणांतला अश्व आणि दिंडी असेंच ना? अश्व रिंगणांत वाऱ्यासारखा धांवतो, पण दोन-चार फेऱ्या. पंढरपूर गांठतात तें दिंडीच्या चालीनें." मीं म्हटलें, आई, यापेक्षां चांगलें मलाहि सांगतां आलें नसतें. रिंगणांतील वेग खोटा नव्हे. पण त्या वेगावरून पालखी अमुक दिवशीं पंढरपुरास पोहोंचेल असा हिशेब कोणी मांडला, तर दोष अश्वाचा नव्हे.

दादा एवढेंच म्हणाले, "दाखवा."

रामनवमीच्या दिवशीं दुपारीं, सुंठवडा वांटून झाल्यावर, आम्ही मोजणीस बसलों. खोलींतील उष्णतामान ३७ अंश होतें. दादांनीं आपली कारखान्यांतील जुनी नोंदवही काढली, रकाने आंखले, आणि घड्याळ समोर ठेविलें. आठ दिवसांत प्रथमच त्यांनीं मुलास थेट शब्द बोलले : "आंकडा मी विचारीन तेव्हांच सांगावयाचा, मधें नाहीं." टास्क मॅनेजर सर्व प्रोसेसराचा मिळून एकच आंकडा देतो, म्हणून प्रत्येक कोअरचा वेग व उष्णतामान निरनिराळें दाखविणारा एचडब्ल्यूइन्फो नांवाचा कार्यक्रम मुलानें बसविला होता. भारासाठीं सिनेबेंच ही परीक्षा घेतली. ती एका कोअरवर किंवा सर्वांवर, दोन्ही प्रकारें चालवितां येते.

पहिली मोजणी, यंत्र कोनाड्यांत, अभ्र्यासकट, सहाहि कोअरांवर भार. आरंभीं ४.८. चवथ्या मिनिटास उष्णतामान ९५ अंश. हीच या प्रोसेसराची ठरलेली मर्यादा. येथें पोहोंचला कीं तो आपणच वेग उतरवून स्वतःचें रक्षण करितो. सातव्या मिनिटास ४.५, दहाव्यास ४.४. मुलानें पाहिलेला आंकडा तो हाच. नंतर यंत्र निवूं दिलें आणि एकाच कोअरवर भार घातला. पहिल्याच मिनिटांत एका ओळींत ५.१ उमटला. दादा चष्मा सारून पुढें वांकले. "हा कोणता?" मुलगा म्हणाला, "तिसरा कोअर." पुढच्या ओळींत तो ५.० झाला, परत ५.१ झाला. दादांनीं दोन्ही लिहून घेतले.

मग अभ्रा काढला, यंत्र कोनाड्यांतून उचलून भिंतीपासून वीतभर दूर टेबलावर ठेविलें, आणि तीच परीक्षा पुन्हां. सहाहि कोअरांवर दहाव्या मिनिटास ४.८, उष्णतामान ८६ अंश, आणि पुढील दहा मिनिटें त्यांत पालट नाहीं. येथें मर्यादा उष्णतेची नव्हती, विजेची होती. प्रोसेसरास कारखान्यानें ८८ वॅटांची जी सीमा घालून दिली आहे ती गांठली गेली होती. पेटीवर ६५ वॅट छापलेले असतांना ८८ कोठून आले, हा प्रश्न दादांनीं लागलाच विचारिला. तो ६५ चा आंकडा मुख्यतः उष्णता वाहून नेणारा पंखा किती सामर्थ्याचा असावा हें सांगण्यासाठीं असतो. बूस्टच्या वेळीं वीज त्याहून अधिक लागते, हें मीं सांगितलें.

दादांनीं वजाबाकी केली, ती वाचकांनींहि पाहण्यासारखी आहे. छापील ५.१ आणि मुलास दिसलेला ४.४, यांत अंतर ०.७. त्यांतील ०.४ अभ्रा काढल्याबरोबर परत आले. तो दोष आमच्या घराचा. राहिलेले ०.३ हा एका धांवणाराच्या आणि सहांच्या चालींतील फरक. तो दोष कोणाचाच नव्हे. दुकानदाराच्या खात्यावर शून्य आलें. मुलाच्या खात्यावरहि फसवणुकीच्या नांवें शून्य. मात्र त्यानें ४.९ आणि ५.१ एवढ्याच तुलनेवर चार हजार रुपये खर्च केले, ही चूक त्याची, आणि ती त्यानें स्वतः लिहून काढली. त्या दोन आंकड्यांतील फरक शेंकडा चार; तोहि एका कोअरच्या शिखरावरचा. दैनंदिन कामांत तो डोळ्यांस दिसणार नाहीं.

थोडा वेळ वही पाहून दादा म्हणाले, "मोटारीच्या पाटीवर एस-१ आणि एस-३ लिहिलेलें असतें. एस-१ म्हणजे अखंड चालावयाची, एस-३ म्हणजे थांबत थांबत. जन्मभर मी त्या पाट्या वाचल्या. एस-३ च्या मोटारीस एस-१ चें काम दिलें आणि वर तिच्यावर गोणपाट टाकलें, असें आपण केलें." मुलाकडे पाहून त्यांनीं एवढेंच विचारिलें, "हें तुला ठाऊक होतें का?" तो म्हणाला, "नव्हतें, बाबा." "मलाहि नव्हतें," दादा म्हणाले. आमच्या घरांत क्षमा मागण्याची पद्धत याहून अधिक शब्दांची नाहीं.

यावरून कोणी असें समजूं नये कीं छापील आंकड्याविषयीं शंका घेणें हें नेहमींच अज्ञान असतें. २०१९ च्या जुलैंत एएमडीचे तिसऱ्या पिढीचे रायझन प्रोसेसर बाजारांत आले, तेव्हां पुष्कळ गिऱ्हाइकांनीं तक्रार केली कीं, कमाल वेग एका कोअरवरसुद्धां दिसत नाहीं. त्यांनीं मोजलें, नोंदी प्रसिद्ध केल्या, आणि सप्टेंबरांत कंपनीस कबूल करावें लागलें कीं मदरबोर्डांतील मूळ आज्ञावलींत असलेल्या एका दोषामुळें कांहीं परिस्थितींत वेग कमी पडत होता. दुरुस्तीनंतर कामाच्या प्रकारानुसार २५ ते ५० मेगाहर्ट्झ परत मिळाले. त्या गिऱ्हाइकांच्या हातीं नुसता संताप नव्हता, मोजमाप होतें. म्हणून त्यांचें ऐकलें गेलें.

उलट बाजूचा धडा २०२४ सालीं मिळाला. इंटेलच्या तेराव्या व चवदाव्या पिढीचे कित्येक डेस्कटॉप प्रोसेसर चालतां चालतां बंद पडूं लागले. शोधाअंतीं, प्रोसेसर गरजेपेक्षां अधिक विद्युद्दाब मागत होता व त्यानें हळूंहळूं कायमची हानि होत होती, असें दिसून आलें. कंपनीनें सुधारलेली आज्ञावली दिली आणि त्या मालाची हमी दोन वर्षांनीं वाढविली. शिखरावरचे शेवटचे कांहीं ठोके किती महाग पडतात, याचें याहून स्पष्ट उदाहरण नको. वेग हातानें आणखी वाढविण्याची हौस असलेल्या तरुणांनीं हें उदाहरण अवश्य ध्यानांत ठेवावें.

ज्यांच्या घरीं असें यंत्र येणार आहे किंवा आलें आहे, त्यांच्यासाठीं आमच्या अनुभवांतून चार गोष्टी सांगतों. विकत घेतांना ठळक आंकड्यावर न जातां, आपल्या कामासारख्या कामाच्या परीक्षेंत तो प्रोसेसर किती वेळ घेतो, हें पाहावें. दोन निरनिराळ्या पिढ्यांच्या प्रोसेसरांचे गिगाहर्ट्झ तर एकमेकांशीं ताडूंच नयेत, कारण एका ठोक्यांत किती काम होतें हें प्रत्येक पिढींत वेगळें असतें. यंत्र घरीं आल्यावर त्यास कोंडूं नये. मागें व बाजूंस वीतभर मोकळी जागा, वर वस्त्र नाहीं, आणि दर तीन महिन्यांनीं जाळ्या झाडून काढणें, एवढ्यानें पुष्कळ वेग फुकट मिळतो. भोसरी-चाकणच्या पट्ट्यांत राहणाऱ्यांनीं तर दसऱ्याची वाट न पाहतां ही शस्त्रपूजा करावी.

वेग कमी वाटला तर क्रमानें तपासावें : विंडोजमध्यें वीज वांचविण्याचा पर्याय निवडलेला नाहीं ना; पंखा नीट बसला आहे ना; त्याखालील थर्मल पेस्ट सर्वत्र पसरली आहे ना; मदरबोर्डाची आज्ञावली, जीस बायॉस म्हणतात, ती जुनी नाहीं ना. बायॉस बदलतांना मध्येंच वीज गेली तर बोर्ड निकामी होण्याचा संभव असतो. म्हणून तें काम वीजपुरवठा खात्रीचा असेल त्या वेळींच करावें. आणि ९५ हा आंकडा दिसतांच घाबरूं नये. कित्येक नवे प्रोसेसर त्या मर्यादेपर्यंत चालण्याच्याच हिशेबानें बनविलेले असतात. पण हलक्या कामांतहि तो दिसूं लागला, तर मात्र पंखा आणि वारा यांची चौकशी करावी. पाषाणच्या आयसर संस्थेंत २०१९ पासून काम करणाऱ्या परम ब्रह्म या महासंगणकास थंड ठेवण्यासाठीं द्रव खेळविण्याची स्वतंत्र योजना करावी लागली. आपल्या घरच्या यंत्राची मागणी त्या मानानें फार माफक आहे. त्यास केवळ मोकळा श्वास पाहिजे.

कोनाडा आतां रिकामा आहे. वहिनींनीं तेथें समई ठेविली आहे. अभ्र्याच्या कापडाच्या दोन पिशव्या झाल्या. यंत्र टेबलावर उघडें असतें, आणि त्यावरची धूळ रोज सकाळीं दादा स्वतः पुसतात. हिशेबाची वही मीं परवां सहज चाळली. प्रोसेसरच्या ओळींतील ५.१ वर एक आडवी रेघ मारून दादांनीं आपल्या टूलरूमच्या बारीक अक्षरांत लिहिलें आहे : "शिखर ५.१, एक कोअर. अखंड ४.८, सहा कोअर, खोली ३७ अंश. समक्ष मोजलें." खालीं त्यांची सही आहे, आणि तिच्याशेजारीं या खेपेस मुलाचीहि.